विश्लेषण : समुद्रावरचा वारा आकाशातून कसा मोजला जातो?

भर समुद्रात वेधशाळा नसते. तरीही अरबी समुद्रात कुठे, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने वारा वाहतो आहे, हे हवामान विभागाला दररोज कळते. त्यासाठी सातशे किलोमीटरहून अधिक उंचीवरून फिरणारे उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागावरील सेंटीमीटरभर लांबीच्या लहरी वाचतात. चक्रीवादळाचा इशारा आणि मान्सूनच्या आगमनाची घोषणा या दोन्हींत या मोजणीचा वाटा आहे. ही मोजणी कशी होते आणि तिच्या मर्यादा काय, याविषयी…

देवगड बंदरात काय घडले होते?

डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गातील देवगड बंदरात अचानक परराज्यांतील बोटींची गर्दी झाली. ‘ओखी’ चक्रीवादळातून वाट काढत केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ बोटी किनाऱ्याला लागल्या होत्या. त्यांवरील ९५२ मच्छीमार सुखरूप असल्याचे राज्य सरकारने तेव्हा जाहीर केले. सगळ्यांचे नशीब एवढे चांगले नव्हते. केरळ आणि तमिळनाडूतील शेकडो मच्छीमार या वादळात मरण पावले किंवा बेपत्ता झाले. ५ डिसेंबरला मुंबईसह किनारपट्टीवरील जिल्ह्यांत शाळांना सुट्टी द्यावी लागली.

ओखीने घात केला तो त्याच्या वेगवान वाढीमुळे. २९ नोव्हेंबरला सकाळी श्रीलंकेच्या आग्नेयेला नैऋत्य बंगालच्या उपसागरात ते केवळ ‘डिप्रेशन’, म्हणजे तीव्र कमी दाबाचे क्षेत्र होते. ३० नोव्हेंबरला सकाळी कन्याकुमारीजवळ त्याचे चक्रीवादळ झाले आणि १ डिसेंबरला लक्षद्वीपच्या परिसरात ते अतितीव्र चक्रीवादळ बनले. पहिल्या टप्प्याला जेमतेम २४ तास लागले. अनेक बोटी त्याआधीच मासेमारीसाठी खोल समुद्रात गेलेल्या होत्या. अशा वेळी समुद्रावरचा वारा किती लवकर, किती अचूक आणि किती वेळा मोजला जातो, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो.

समुद्रावरचा वारा मोजणे अवघड का?

जमिनीवर वारा मोजण्यासाठी दहा मीटर उंचीच्या खांबावर वायुवेगमापक बसवला की काम होते. समुद्रावर अशी सोय फारच थोड्या ठिकाणी आहे. चेन्नईची राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात नांगरलेले तरंगते बोये चालवते. त्यांच्या नोंदी अत्यंत मोलाच्या असतात. पण हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्रात हे बोये म्हणजे मोजके ठिपके आहेत.

जहाजांकडूनही नोंदी येतात. मात्र जहाजे ठरावीक मार्गांनीच जातात आणि वादळाची चाहूल लागली की तिथून दूर पळतात. म्हणजे माहितीची गरज जिथे सर्वाधिक, नेमके तिथेच जहाज नसते. किनाऱ्यावरील डॉप्लर रडारचा पल्ला साधारण अडीचशे किलोमीटरच्या आसपास संपतो. अटलांटिक महासागरात अमेरिका वादळात विमाने पाठवून थेट मोजमाप करते. उत्तर हिंद महासागरात अशी नियमित उड्डाणे होत नाहीत.

राहिले उपग्रह. इन्सॅट मालिकेतील भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवरून भारतावर सतत नजर ठेवतात. टीव्हीवर दिसणारी ढगांची चित्रे त्यांचीच. ढगांच्या सरकण्यावरून वाऱ्याचा अंदाज बांधता येतो, पण तो ढगांच्या उंचीवरचा वारा असतो. बोट उलटवणारा, लाटा उठवणारा वारा पाण्याला लागून वाहतो आणि तो बहुधा ढगांच्या खाली झाकलेला असतो.

स्कॅटरोमीटर नेमके काय करते?

या अडचणीवरचे उत्तर म्हणजे स्कॅटरोमीटर. हे एक प्रकारचे रडार आहे. ते उपग्रहातून समुद्राकडे तिरप्या कोनात मायक्रोवेव्ह लहरी सोडते आणि त्यांपैकी किती ऊर्जा परत आली, ते मोजते. वारा ते थेट मोजत नाही. वाऱ्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग किती खरखरीत झाला आहे, एवढेच ते पाहते.

पावसाळ्यात रात्री गाडी चालवणाऱ्या कोणालाही हे तत्त्व ओळखीचे वाटेल. ओल्या, गुळगुळीत डांबरी रस्त्यावर हेडलाइटचा प्रकाश पडला की तो पुढे निघून जातो आणि रस्ता काळाकुट्ट दिसतो. कोरड्या, खडबडीत रस्त्यावर तोच प्रकाश थोडा मागे वळून चालकाच्या डोळ्यांत येतो. समुद्राचेही तसेच. वारा पडलेला असेल आणि पाणी आरशासारखे शांत असेल, तर तिरपी आलेली रडार लहर पलीकडे परावर्तित होते आणि उपग्रहाकडे फारसे काही परतत नाही. वारा सुटला की पाण्यावर बारीक शहारे उठतात आणि परतणारी ऊर्जा वाढते.

येथे मोठ्या लाटांपेक्षा अगदी लहान लहरींना महत्त्व असते. रडार लहरीची लांबी आणि पाण्यावरील लहरीची लांबी यांचे ठरावीक गुणोत्तर जुळले, तर परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिळून बळकट होतात. भारतीय स्कॅटरोमीटर सुमारे १३.५ गिगाहर्ट्झ वारंवारितेवर, म्हणजे सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास लांबीच्या लहरींवर चालते. युरोपच्या उपकरणाची लहर साडेपाच सेंटीमीटरहून थोडी अधिक लांब असते. त्यामुळे पाण्यावरील एक ते चार-पाच सेंटीमीटरच्या लहरी त्यांना ‘दिसतात’. या लहरी वारा सुटताच उठतात आणि पडताच विरतात. शेकडो किलोमीटरवरून आलेली जुनी लाट त्या क्षणाच्या वाऱ्याबद्दल फारसे सांगत नाही. हे शहारे सांगतात.

मायक्रोवेव्ह लहरी ढगांतून आरपार जातात आणि त्यांना सूर्यप्रकाशही लागत नाही. त्यामुळे रात्री आणि दाट ढगांखालीही मोजणी चालू राहते.

वाऱ्याची दिशा कशी कळते?

रडारने वाऱ्याच्या तोंडावर पाहिले तर सर्वाधिक ऊर्जा परतते. वाऱ्याच्या पाठीमागून पाहिले तर त्याहून किंचित कमी आणि आडव्या बाजूने पाहिले तर सर्वांत कमी. म्हणून समुद्राचा एकच तुकडा वेगवेगळ्या दिशांनी पाहिला, तर मिळणाऱ्या आकड्यांतील फरकावरून वाऱ्याची दिशा काढता येते.

हे साधण्याच्या दोन पद्धती आहेत. युरोपच्या ‘मेटॉप’ उपग्रहांवरील ‘एस्कॅट’ उपकरणाला दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन स्थिर अँटेना आहेत. एक पुढे, एक आडवा, एक मागे पाहतो. भारताच्या ‘ओशनसॅट-२’वर एक मीटर व्यासाची फिरती तबकडी होती. मिनिटाला वीसहून अधिक फेऱ्या मारणारी ही तबकडी दोन वेगवेगळ्या कोनांत दोन झोत सोडत असे. उपग्रह पुढे सरकत असल्याने समुद्राचा तोच तुकडा काही मिनिटांत चार वेळा पाहिला जाई, दोनदा पुढून आणि दोनदा मागून. उपग्रहाखालचा सुमारे चौदाशे ते अठराशे किलोमीटर रुंदीचा पट्टा त्यातून एका फेरीत टिपला जात असे.

एवढे करूनही गणिताला अनेकदा एकापेक्षा अधिक उत्तरे मिळतात. वेग साधारण सारखाच, पण दिशा मात्र दोन, तीन, कधी चार. त्यांतील योग्य दिशा निवडण्यासाठी आजूबाजूच्या चौकोनांतील वारा आणि संगणकाचा आधीचा अंदाज यांची मदत घेतली जाते. येथे एक मेख आहे. आधीच्या अंदाजात वादळाचा मध्य चुकीच्या जागी असेल, तर दिशेची निवडही चुकू शकते. म्हणून अनुभवी अंदाजकर्ते केवळ निवडलेला बाण पाहत नाहीत, इतर शक्य उत्तरेही तपासतात.

ही कल्पना आली कुठून?

समुद्राकडे पाहून वारा ओळखणे ही दर्यावर्दींची जुनी विद्या. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाऱ्याची श्रेणी ठरवली. पुढे तिच्यात समुद्राच्या रूपाची वर्णनेही आली : पाण्यावर शहारे उठले तर अमुक श्रेणी, लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसला तर तमुक. कोकणातील तांडेलही पाण्याचा रंग आणि पोत पाहून जाळे टाकायचे की परतायचे, ते ठरवत आले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात रडारचालकांना समुद्राकडून येणाऱ्या नको असलेल्या प्रतिध्वनींचा त्रास होई. वारा वाढला की पडद्यावरचा हा गोंगाटही वाढे. एका कामात अडथळा ठरलेली गोष्ट दुसऱ्या कामाचे साधन झाली. जून १९७८ मध्ये ‘नासा’ने सोडलेल्या ‘सीसॅट’ उपग्रहाने हे तंत्र अवकाशातून चालते, हे दाखवून दिले. वीजयंत्रणेतील बिघाडामुळे तो जेमतेम साडेतीन महिने टिकला. १९९१ मध्ये युरोपचा ‘ईआरएस-१’ आला. १९९६ मध्ये जपानी उपग्रहावरून गेलेले नासाचे उपकरण वर्षभरही चालले नाही. त्याची जागा घाईने भरण्यासाठी जून १९९९ मध्ये सोडलेला ‘क्विकस्कॅट’ मात्र दहा वर्षे चालला.

भारताचे उपग्रह कोणते?

२३ सप्टेंबर २००९ रोजी ‘इस्रो’ने ओशनसॅट-२ सोडला. त्यावरील स्कॅटरोमीटर अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने विकसित केले होते. योगायोग असा, की दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या क्विकस्कॅटची फिरती तबकडी थांबली. तितकाच रुंद पट्टा पाहणारे भारतीय उपकरण अचानक जगाच्या गरजेचे झाले. इस्रोने त्याच्या नोंदी अमेरिका आणि युरोपच्या हवामान संस्थांना उपलब्ध करून दिल्या. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे सरकणाऱ्या ‘सँडी’ वादळातील वाऱ्याचे नासाने प्रसिद्ध केलेले चित्र याच भारतीय उपकरणाच्या नोंदींवर आधारलेले होते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बंद पडले. त्यानंतर २६ सप्टेंबर २०१६ रोजी केवळ वाऱ्यासाठी समर्पित असा ‘स्कॅटसॅट-१’ सोडण्यात आला. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रहही त्याच पीएसएलव्हीने गेला होता. स्कॅटसॅटने २०२१ पर्यंत काम केले. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘ओशनसॅट-३’ अर्थात ‘ईओएस-०६’ कक्षेत गेला. १,११७ किलो वजनाच्या या उपग्रहावर स्कॅटरोमीटरसोबत समुद्राचा रंग टिपणारा कॅमेरा आणि पृष्ठभागाचे तापमान मोजणारे उपकरणही आहे.

हा वारा अंदाजात कसा मिसळतो?

हवामानाचे संगणकीय प्रारूप पृथ्वीचे वातावरण छोट्या छोट्या चौकोनांत विभागते आणि प्रत्येक चौकोनात पुढे काय होईल, याचे गणित मांडते. सुरुवात कशी केली, यावर शेवट ठरतो. आज दुपारी समुद्रावर वारा प्रत्यक्षात कसा आहे, हे चुकले तर परवाचा अंदाज चुकणारच. जमिनीवर ही सुरुवातीची स्थिती सांगणारी शेकडो केंद्रे आहेत. समुद्रावर उपग्रहांशिवाय मोठा आधार नाही.

भारतात हे काम हवामान विभाग आणि नोएडाचे राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र करते. प्रारूपाने आधीच बांधलेला अंदाज आणि उपग्रहाने प्रत्यक्ष पाहिलेला वारा समोरासमोर ठेवले जातात. कोणावर किती विश्वास ठेवायचा, हे दोघांच्या नेहमीच्या चुकांवरून ठरते आणि त्यातून सुधारित चित्र तयार होते. बोये आणि जहाजांच्या नोंदीही त्यातच येतात. उपकरणाचे माप कालांतराने सरकत तर नाही ना, हे तपासण्यासाठी बोयांशी तुलना केली जाते. रडारचे माप तपासायला ॲमेझॉनच्या जंगलाचा उपयोग होतो. घनदाट झाडीतून परतणारी ऊर्जा वर्षभर जवळपास सारखीच राहते, त्यामुळे ते जणू निसर्गाने दिलेले वजनाचे माप ठरते.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ आणि नोएडात ‘अरुणिका’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. पुण्याच्याच संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरच्या चौकोनांवर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. चौकोन बारीक झाल्याने सुरुवातीच्या नोंदींची गरज कमी होत नाही. उलट, बारीक गणिताला बारीक नोंदी लागतात.

हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र हाच वारा लाटांच्या प्रारूपात वापरते. लाटांची उंची, खवळलेल्या समुद्राचे इशारे आणि वादळाच्या वेळी किनाऱ्यावर किती पाणी चढेल, याचे गणित शेवटी वाऱ्यावरच उभे असते.

चक्रीवादळात त्याचा नेमका उपयोग काय?

भारतीय हवामान विभाग वादळाची प्रतवारी पृष्ठभागावरील वाऱ्याच्या वेगावरून करतो. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वेग असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन आणि ६२ पासून पुढे चक्रीवादळ. या टप्प्यावर वादळाला नाव मिळते आणि यंत्रणांची पुढची हालचाल सुरू होते. ८९ पासून तीव्र आणि ११८ पासून अतितीव्र चक्रीवादळ.

वाढीच्या या पहिल्या पायऱ्यांवर स्कॅटरोमीटर विशेष उपयोगी पडते. ढगांच्या चित्रात नुसता पसारा दिसत असतो. त्याखाली वारा खरोखर गोल फिरू लागला आहे का, भोवऱ्याचा मध्य कुठे आहे, जोर सगळीकडे सारखा आहे की एकाच बाजूला जास्त, हे वाऱ्याच्या बाणांवरून दिसते. अनेकदा ढगांचा दाट पुंजका एकीकडे आणि पृष्ठभागावरचा मध्य शंभर किलोमीटर दूर असतो. मध्य चुकला तर वादळाचा मार्गही चुकतो.

वादळाचा व्याप हा दुसरा उपयोग. मध्यापासून किती अंतरापर्यंत ताशी ६२ किलोमीटरचा वारा आहे, हे बोटींच्या दृष्टीने मध्य कुठे आहे याइतकेच महत्त्वाचे असते. वादळ किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटर दूरून जाणार असले, तरी त्याचा पसारा मोठा असेल तर बंदरावर तीन नंबरचा बावटा चढवावाच लागतो.

मान्सूनच्या आगमनाशी त्याचा संबंध कसा?

‘मान्सून केरळात दाखल’ ही बातमी केवळ पावसावर ठरत नाही. हवामान विभागाच्या निकषांनुसार १० मेनंतर केरळ आणि परिसरातील निवडक १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलीमीटर किंवा अधिक पाऊस व्हावा लागतो. त्यासोबत वाऱ्याची अट असते. अरबी समुद्रात पश्चिमेकडून येणारे वारे पुरेशा उंचीपर्यंत पोहोचलेले हवेत आणि केरळलगतच्या समुद्रावर खालच्या थरात त्यांचा वेग १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी साधारण २८ ते ३७ किलोमीटर असावा लागतो. ढगांच्या दाटीसाठीही उपग्रहाधारित निकष आहे.

या वाऱ्यांचा उगम दूर दक्षिणेत आहे. दक्षिण गोलार्धातून आलेला प्रवाह आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाजवळ वेग घेतो आणि अरबी समुद्रावरून बाष्प गोळा करत कोकणावर येऊन आदळतो. स्कॅटरोमीटरमुळे हा प्रवाह पृष्ठभागावर कुठून कुठे पोहोचला, कधी जोर धरला, कधी मंदावला, ते रोजच्या रोज नकाशावर पाहता येते. सह्याद्रीवरचा पाऊस वाढणार की खंड पडणार, याची काही चिन्हे या नकाशावर आधी उमटतात.

मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा वेगाची. ओशनसॅट-२वरील उपकरण सेकंदाला ४ ते २४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४ ते ८६ किलोमीटर वेगाचा वारा मोजण्यासाठी आखलेले होते. वरचा आकडा तीव्र चक्रीवादळाच्या उंबरठ्यावरच थांबतो. वारा फार वाढला की समुद्र फेसाने आणि तुषारांनी भरून जातो, खरखरीतपणा पुढे तितका वाढत नाही आणि उपकरण वेग कमी दाखवू लागते. शिवाय २५ किलोमीटरच्या चौकोनात वादळाच्या डोळ्याभोवतीची अरुंद, सर्वांत विध्वंसक भिंत सरासरीत हरवते. म्हणून अतितीव्र वादळाची ताकद ठरवताना आजही ढगांच्या आकृतीवरून अंदाज बांधणारी, व्हर्नन ड्व्होरॅक यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेली पद्धत मुख्य आधार असते.

दुसरी मर्यादा अचूकतेची. याच उपकरणाच्या आखणीत सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७ किलोमीटरची चूक गृहीत होती. डीप डिप्रेशन आणि चक्रीवादळ यांच्या सीमेवर एवढ्याने वर्गच बदलू शकतो. त्यामुळे कोणताही एक आकडा पाहून निर्णय होत नाही.

तिसरी पावसाची. दोन सेंटीमीटरच्या लहरी मुसळधार पावसात अडतात. थेंब ऊर्जा शोषतात, काही परत फेकतात आणि पाण्यावर आपटून वेगळेच शहारे उठवतात. युरोपच्या लांब लहरींना हा त्रास कमी होतो, पण त्यांचे उपकरण प्रत्येकी ५५० किलोमीटरचे दोन पट्टे पाहते आणि मधला भाग कोरा राहतो. चौथी किनाऱ्याची. जमिनीकडून येणारा प्रतिध्वनी पाण्याहून खूप मोठा असल्याने किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातील मोजणी भरवशाची राहत नाही, आणि छोट्या होड्या नेमक्या तिथेच असतात.

सर्वांत मोठी मर्यादा वेळेची आहे. हे उपग्रह ध्रुवीय कक्षेत फिरतात. एकाच जागेवर एक उपग्रह दिवसातून साधारण दोनदा येतो, तेही ती जागा त्याच्या पट्ट्यात आली तर. ओखीने २४ तासांत रूप बदलले. एवढ्या वेळात एका उपग्रहाच्या वाट्याला फार तर दोन नजरा येतात. म्हणूनच वेगवेगळ्या वेळी येणारे वेगवेगळ्या देशांचे उपग्रह लागतात. मेटॉप सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास येतात, तर ओशनसॅट-२ ची वेळ दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासची होती.

ही साखळी तुटली तर?

यावरून अमेरिकेत २००७ मध्ये मोठा वाद झाला होता. तेथील राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे तत्कालीन संचालक बिल प्रोएन्झा यांनी जाहीरपणे सांगितले, की जुना झालेला क्विकस्कॅट बंद पडला तर वादळमार्गाच्या दोन दिवसांच्या अंदाजातील चूक १० टक्क्यांनी आणि तीन दिवसांच्या अंदाजातील १६ टक्क्यांनी वाढेल. हे आकडे मर्यादित अभ्यासावर बेतलेले आहेत, असा आक्षेप त्यांच्याच केंद्रातील अंदाजकर्त्यांनी घेतला. कर्मचाऱ्यांच्या नाराजीनंतर प्रोएन्झा यांना पद सोडावे लागले.

दोन वर्षांनी क्विकस्कॅट खरोखर बंद पडला. पुढच्या वर्षांत अमेरिकी केंद्राच्या मार्ग-अंदाजातील सरासरी चूक कमीच होत गेली, कारण प्रारूपे सुधारली आणि इतर उपग्रह मदतीला होते. पण म्हणून नुकसान झालेच नाही, असेही नाही. क्विकस्कॅटमुळे उत्तर अटलांटिक आणि प्रशांत महासागरातील हिवाळी वादळांत हरिकेनच्या तोडीचे वारे किती वारंवार वाहतात, हे प्रथमच नीट कळले होते आणि त्यामुळेच जहाजांसाठी इशाऱ्याचा वेगळा वर्ग सुरू झाला होता. संगणकाला एका उपग्रहाची उणीव इतर नोंदींवरून काही प्रमाणात भरून काढता येते. भर समुद्रातील वाऱ्याचा इशारा लिहायला बसलेल्या अंदाजकर्त्याला नकाशावरची कोरी जागा भरून काढता येत नाही.

भारतानेही ही उणीव अनुभवली आहे. फेब्रुवारी २०१४ ते सप्टेंबर २०१६ या अडीच वर्षांत देशाचे स्वतःचे स्कॅटरोमीटर कक्षेत कार्यरत नव्हते. त्याच काळात, ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘हुदहुद’ विशाखापट्टणमवर आदळले. तेव्हा युरोपच्या नोंदी हाताशी होत्या. स्कॅटसॅट थांबल्यानंतर ओशनसॅट-३ येईपर्यंतही बाहेरच्या उपग्रहांवरच भिस्त होती. एक उपग्रह थकण्याआधी दुसरा तयार ठेवणे, हे या क्षेत्रातील कमी दिसणारे पण महत्त्वाचे काम आहे.

वाऱ्याची खबर बोटीपर्यंत पोहोचते का?

ओखीनंतर हा प्रश्न सर्वाधिक विचारला गेला. किनाऱ्यापासून साधारण १०-१२ किलोमीटरपलीकडे मोबाइलला रेंज मिळत नाही. खोल समुद्रात आठ-दहा दिवसांसाठी गेलेल्या बोटीला किनाऱ्यावर लावलेला बावटाही दिसत नाही. २०१९ मध्ये आणलेल्या ‘जेमिनी’ या छोट्या उपकरणामुळे उपग्रहावरून आलेला इशारा मच्छीमारांच्या मोबाइलवर वाचता येऊ लागला. मात्र हा संवाद एकतर्फी होता. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक बोटींवर दुतर्फी संदेश देणारी यंत्रणा बसवायची आहे. त्यामुळे इशारा बोटीला मिळेल आणि संकटातील बोटीचा संदेशही किनाऱ्याला मिळेल.

त्यानंतरही गणित वेळेचेच उरते. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर दूर असलेल्या बोटीला ताशी १५ किलोमीटर वेगाने परतायला दहा तास लागतात, तेही समुद्र शांत असेल तर. उपग्रहाची नजर, नोंदींवरची प्रक्रिया, अंदाजकर्त्याचा निर्णय आणि संदेशाचा प्रवास या सगळ्यांतून शिल्लक राहणारा वेळ त्याहून अधिक असला पाहिजे. ओखीच्या वेळी अनेक बोटींच्या हाती तेवढा वेळ नव्हता.